बॅचलर पार्टीसाठी हाऊसबोट ठरवताय? मग हे वाचा

लग्नसराई जवळ आली की प्रत्येक मित्रमंडळात एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि त्यात कुणीतरी लिहितंच, “गोवा खूप झालं, या वेळी केरळला आख्खी बोट घेऊ.” गेल्या हिवाळ्यात आमच्यातही हेच झालं. कॉलेजपासूनचे आम्ही दहा जण, अलप्पुळा, दोन रात्री. ठरवाठरवी माझ्याकडे होती. परत आल्यापासून तिघांनी मला बोटीबद्दल विचारलंय आणि तिघांचाही पहिला प्रश्न दारूचा होता. म्हणून ही पोस्ट.

दारूचं आधीच सांगून टाकतो. केरळात महिन्याच्या १ तारखेला दारूची दुकानं बंद असतात, तारीख ठरवताना तेवढं बघा. झालं. ते दोन दिवस चांगले जातात की वाईट, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

बोट रात्रभर चालणार आणि आपण चांदण्यात फिरणार, हे डोक्यातून काढा. दुपारी बाराच्या सुमाराला चढायचं. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर पाणी मच्छीमारांचं असतं, त्यांची जाळी पडतात. सकाळी आठनंतर छोटी फेरी आणि नऊला उतरायचं. दोन रात्री घेतल्या तर मधला एक दिवस पूर्ण मिळतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका रात्रीसाठी एवढ्या लांब जाऊ नका.

पहिल्या संध्याकाळी बोट बांधल्यावर आमच्यातला एक जण चालकाच्या मागे लागला, “चेट्टा (म्हणजे दादा), अजून एक चक्कर मारू, वरचे पैसे देतो.” तो बिचारा हसून नाही म्हणत राहिला. मी मित्राला बाजूला घेऊन तानूरची आठवण करून दिली. ७ मे २०२३ च्या संध्याकाळी, याच केरळात, मलप्पुरम जिल्ह्यात, क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली पर्यटकांची बोट उलटली आणि २२ जण गेले. त्यात लहान मुलं होती. लांब कशाला, आपल्या उजनीत मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या पाण्यात बोट उलटून सहा जण बुडालेच की. बोटवाला ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याला पैसे दाखवू नयेत.

लाइफ जॅकेटचं तर मला आजही वाईट वाटतं. बुकिंग करणाऱ्याने फोनवर “सगळं आहे सर” म्हटलं होतं. चढल्यावर मोजली तर दहा जणांना सात, आणि त्यातल्या दोन जॅकेटांचे पट्टे क्लिपमध्ये बसतच नव्हते. ओढला की सुटून हातात. मी सरळ सांगितलं, दहा चांगली जॅकेटं येईपर्यंत दोर सोडायचा नाही. पाऊण तास गेला. मित्र वैतागले, नवरदेव सोडून. त्याला पोहता येत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि जॅकेटं एकेक करून दाखवायला लावा. आणि वरच्या डेकवर फोटोसाठी सगळे एकाच कठड्याला जाऊन उभे राहू नका. प्यायल्यावर पाण्यात उतरणं तर नाहीच नाही.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. ही बोट रात्री कुणाच्या तरी दारात उभी राहते. अलप्पुळाच्या आसपासच्या या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांध घालून पाणी अडवलेलं, आणि त्या बांधांवरच लोकांची घरं. आमची बोट बांधली तिथून पंधरा पावलांवर एक घर होतं. पायऱ्यांवर एक आजी भांडी घासत होत्या. दिवा लागला, आत एक मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. आमचा स्पीकर सुरू झाला आणि तिचा आवाज ऐकू येईनासा झाला. आजींनी फक्त मान वर करून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. नवरदेवानेच उठून स्पीकर बंद केला. आपल्या गल्लीत रात्री अकराला कुणी डीजे लावला तर आपण पोलिसांना फोन करतो ना? मग पाण्यावर गेलं की शेजारधर्म कुठे जातो?

स्पीकर बंद झाल्यावर स्वयंपाकी दादा येऊन बसले. केळीच्या पानात भाजलेला करिमीन मासा त्यांनीच वाढला होता, काटे कसे काढायचे तेही दाखवलं. त्यांच्याकडून कळलं की या बोटी मूळच्या भात वाहणाऱ्या, केट्टुवल्लम. फळ्या खिळे न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत तासभर चाललं. चालक, इंजिनवाला आणि स्वयंपाकी, तिघं आपल्यासाठी राबतात. निघताना बक्षिसी तिघांच्या हातात वेगवेगळी द्या.

मग नवरदेव बोलायला लागला. वडील गेल्यावर घर कसं चाललं, लग्नाचा खर्च कुठून उभा केला, होणाऱ्या बायकोला अजून काय सांगायचं राहिलंय. बारा वर्षांच्या मैत्रीत यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. बोट जरा जरा हलत होती, खाली पाणी लागत होतं. दोन वाजेपर्यंत कुणीही फोन हातात घेतला नाही.