बिनपाण्याने हजामत कशी करून घ्यावी

ऑनलाइन लिलावात जुना वस्तरा घ्यायचा, तर पहिली अट अशी की तुम्हाला वस्तऱ्याची अजिबात गरज नसावी. गरजू माणूस कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातो, खुर्चीत मान टाकतो, शेवटी तुरटी फिरवून घेतो आणि पंधरा मिनिटांत गुळगुळीत होऊन बाहेर पडतो. तिथला कारागीर कागदासकट ब्लेड मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि काम झालं की फेकून देतो. असल्या माणसाला लिलावाच्या आसपासही फिरकू देऊ नका. तो विचारेल, "याने दाढी होते का हो नीट?" आणि सगळ्या मैफलीचा विचका करेल.

आपल्याला हवा आहे तो इंग्लंडातल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना पोलादी वस्तरा. पाठीशी जाड, धारेकडे कागदासारखा, गालावर चालवला की बारीक गुणगुणणारा. ते गुणगुणणं मी ऐकलेलं नाही, वाचलेलं आहे. माझ्याकडे असे अकरा वस्तरे आहेत आणि मी रोज सकाळी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या रेझरने दाढी करतो.

थोडा इतिहास माहीत असावा, पण सोयीचा तेवढाच. जिलेटने 1903 साली सेफ्टी रेझर विकायला काढला, तेव्हा वर्षभरात फक्त 51 खपले. पुढच्याच वर्षी नव्वद हजार. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर घेतले गेले, आणि घरी परतलेल्या पोरांपैकी फार थोड्यांनी बापाचा वस्तरा पुन्हा हातात धरला. म्हणजे ज्या वस्तूसाठी तुम्ही रात्रीचा दिवस करणार, तिच्यापासून कसे सुटलो याचा आनंद तुमच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी मनसोक्त घेतलेला आहे. लिलावात याचा उच्चार करायचा नाही. तिथे ‘दुर्मिळ’ म्हणायचं. शेफील्ड आणि झोलिंगेनमधून हे वस्तरे लाखांनी बाहेर पडले, जगभरच्या न्हाव्यांच्या धोकटीत गेले, तरीही विकायला आलेला प्रत्येक नग दुर्मिळच असतो.

आता वस्तूचं वर्णन कसं वाचावं. सावकाश आणि श्रद्धेने. ‘सुंदर पॅटिना’ म्हणजे गंज. ‘वयाला साजेशा खुणा’ म्हणजे आणखी गंज. ‘आजोबांच्या कपाटातून’ म्हणजे गेल्या महिन्यात दुसऱ्या लिलावातून. ‘1850च्या आसपासचा’ असं लिहिलेलं असेल, तर फोटो मोठा करून पात्याच्या दांड्यावरची अक्षरं मुळीच वाचू नका. तिथे ठसठशीत ‘जर्मनी’ कोरलेलं असतं. 1890च्या मॅकिन्ले कायद्यानंतर अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, आणि ती नावं त्यापुढची. चाळीस वर्षांचा फरक म्हणजे काही फार नाही. लग्न जमवताना मुलाचं वय आपण असंच ऐकून घेतो.

मूठ कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, अर्धपारदर्शक असेल तर ती बहुधा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची. हा पदार्थ म्हातारपणी कुजतो, त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि मुठीच्या कुशीत मिटून ठेवलेलं पातं आतल्या आत खाल्लं जातं. शेजारी ठेवलेल्या वस्तऱ्यांनाही ते बाधतं. माझा तिसरा वस्तरा असाच. पार्सल उघडलं तेव्हा देव्हाऱ्यासारखा वास आला. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मी त्याला शुभशकुन समजलो. पातं उघडलं, तर मूठ जिथे टेकते बरोबर तेवढ्याच भागात गंजाची नक्षी, आणि मधोमध धारेला बाजरीच्या दाण्याएवढा खड्डा. विक्रेत्याने फोटो काढले होते सहा. सगळे दुसऱ्या बाजूचे.

हस्तिदंती मुठीचा मोह होईल. हस्तिदंताच्या विक्रीवर ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाची 2009पासून बंदी आहे आणि आपल्याकडे ते आणणं हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळे तसल्या मुठीला तिथे ‘बैलाचं हाड’ म्हणतात आणि खाली हस्तिदंताच्या रेषा स्पष्ट दिसतील असा फोटो टाकतात. एवढ्या एका बाबतीत मात्र माझं खरंच ऐका आणि पुढे जा.

मुख्य विद्या म्हणजे बोली. ईबेने बोलीची जी सोय केली आहे ती आपल्या मुळावर उठलेली आहे. तुम्ही तुमची कमाल रक्कम एकदाच टाकायची आणि झोपायचं. समोरच्याची बोली चढली की यंत्र तुमच्या वतीने त्याच्या एक पायरी वर जातं, त्याहून जास्त नाही. तुम्ही शंभर पौंड टाकले आणि दुसऱ्याची उडी साठापर्यंतच असली, तर वस्तरा तुम्हाला साठाच्या जरासा वर मिळतो. शांत झोप लागते, पैसे वाचतात. यात पुरुषार्थ काय राहिला? म्हणून आधी तीस टाकावेत. कुणीतरी पस्तीस करतो. "तुमच्यापेक्षा जास्त बोली आली आहे" असा निरोप येतो आणि तिसऱ्या इयत्तेत वर्गाबाहेर उभं केलं होतं तेव्हा कान तापले होते तसे तापतात. मग चाळीस. मग पन्नास. आता प्रश्न वस्तऱ्याचा राहिलेला नसतो.

समोरचा कोण ते कळत नाही. नावाचं एक अक्षर, मग तारे, मग एक अक्षर. या रिकाम्या जागेत शत्रू बसवणं फार महत्त्वाचं आहे, कारण अनोळखी माणसाचा मनापासून राग येत नाही. मी माझ्या तारांकित शत्रूला ओहायोतला दंतवैद्य केलं होतं. घटस्फोटित, तळघरात काचेची कपाटं, पैशाला तोटा नाही. तीन वर्षं मी त्याच्याशी लढलो.

तेलाच्या लिलावांचा अभ्यास करून 1971 साली तीन अमेरिकी अभियंत्यांनी दाखवून दिलं की बोली जिंकणारा हा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चुकलेला असतो. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांवर कंपन्या असे कोट्यवधी डॉलर घालवून बसल्या होत्या. आपलं कसं, दीड-दोनशे पौंडांत तोच अनुभव मिळतो. आणि हे तर ईबेच्या पायातच आहे: 1995 साली तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. तो मोडलाय हे माहीत आहे ना, असं विचारल्यावर घेणाऱ्याने सांगितलं की आपण मोडकेच लेझर पॉइंटर जमवतो. या महापुरुषाचा फोटो कुठे मिळाला तर मला कळवा, लावायचा आहे.

खरी रंगत शेवटच्या मिनिटात. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी दोन ठिकाणचे लिलाव ताडून पाहिले आणि 2002 साली ते छापलं. अॅमेझॉनवर तेव्हा शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ दहा मिनिटं पुढे सरकायचं. ईबेवर काटा ठरल्या वेळी थांबतो म्हणजे थांबतो. त्यामुळे ईबेवर सगळे शेवटच्या सेकंदांसाठी दबा धरून बसतात. आता वेळेचं गणित बघा. इंग्लंडातला विक्रेता रविवारी रात्री नऊला लिलाव संपवतो, म्हणजे तिकडची गिऱ्हाइकं जेवून सोफ्यावर आलेली असतात. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे अडीच. सोमवारी महाराष्ट्रातली सलूनं बंद, आणि तुम्ही डोळे चोळत दाढी वाढवून ऑफिसात. संग्राहकाचा चेहरा असाच दिसायला हवा.

वस्तरा इकडे कसा आणायचा? पुतण्याकडून. तो इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला जाताना भाजणी आणि बाकरवडी द्यायची, येताना त्याच्या बॅगेत वस्तरे. चेक-इनच्या बॅगेत घाल असं मात्र त्याला तीन वेळा बजावा, नाहीतर विमानतळावरच्या सुरक्षारक्षकाला शेफील्डच्या पोलादाचं महत्त्व समजावत बसावं लागतं. पुतण्या हल्ली दिवाळीला येईन म्हणत नाही, "बघू" म्हणतो.

वस्तरा आला की धारेचा दगड लागतो. बेल्जियमच्या आर्देनमधला पिवळा कोटिक्यूल घ्या, किंवा जर्मनीतल्या थुरिंगियाचा एशर, ज्याचे लिलाव वस्तऱ्यांपेक्षाही चढतात. मग चामड्याचा पट्टा, पट्ट्याला लावायचं मलम, आणि हे सगळं ठेवायला पेटी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं घरातून कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगायचं की कोंबडीही बारा आण्याचीच आहे.

आणि अखेर प्रत्येकाच्या नशिबी येतो तो सात वस्तऱ्यांचा संच. पूर्वीचे साहेबलोक धारेला विश्रांती मिळावी म्हणून वाराला एक असे सात वस्तरे ठेवत. प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं, मखमलीच्या पेटीत सात खाचा. मराठी घरात हा संच शतकभर टिकला असता: सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारच्या वस्तऱ्यांना पाणी लागलंच नसतं. मला मिळालेल्या पेटीत सहाच होते. बुधवार नव्हता. नेमका आपल्याकडे दाढीला चालणारा वार! ती रिकामी खाच बघितली की जेवण जात नाही. जगात कुठेतरी कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये एकटा बुधवार पडलेला असणार, हे एकदा डोक्यात बसलं की संसारात लक्ष लागत नाही.

शौक एकट्याने करू नये. मी आमच्या सोसायटीतल्या बी विंगमधल्या काकांना लावला. बँकेतून निवृत्त झालेले, वेळ भरपूर, झोप कमी. गच्चीवर फिरता फिरता त्यांना सगळं शिकवलं: दांडा कसा बघायचा, पातं नखाने टिचकी मारून कसं वाजवायचं, आणि सुटा बुधवार कसा हाती लागत नाही ते. काका चिकट माणूस, भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेणारे. म्हटलं यांच्यापासून काही भीती नाही.

गेल्या जानेवारीत शेफील्डकडच्या एका विक्रेत्याने सुटा बुधवार लावला. मूठ शिंगाची, पात्याची रुंदी माझ्या संचाशी जुळणारी. अडीचला चार मिनिटं होती. बायको जागी होऊ नये म्हणून मी बाल्कनीत उभा होतो, शाल पांघरून. एकशे दहावर दंतवैद्य आला. मी एकशे पंधरा केले. त्याने एकशे वीस. एवढ्यात समोर बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात दिवा लागला. काका. मोबाइल नाकाशी धरलेला, चष्मा कपाळावर. मी एकशे तीस टाकले. काकांनी चष्मा खाली घेतला, अंगठ्याने काहीतरी दाबलं, आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर एकशे पस्तीस झाले.

मी एकशे चाळीस दाबले. तिकडे काकांनी ओट्यावर मूठ आपटली.

अकरा सेकंद उरली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, मधे फक्त पार्किंग आहे. मी एकशे ऐंशी टाकले.

सकाळी काका लिफ्टपाशी भेटले. डोळे लाल, दाढी वाढलेली. "अहो, तो तुमचा ओहायोचा दंतवैद्य," ते दबक्या आवाजात म्हणाले, "माणूस आहे का राक्षस? रात्री माझा बुधवार नेला."

"फार माजलाय," मी म्हटलं. "पुढच्या वेळी सोडू नका त्याला."