सहा दिवसांत काउबॉय सिनेमा काढायचाय?

साल 1933, मंदीनं अमेरिकेचं कंबरडं मोडलेलं, आणि तुमच्या खिशात जेमतेम दहा-पंधरा हजार डॉलर. मग कसला विचार करताय? काउबॉय सिनेमा काढा. थिएटरवाले हल्ली एका तिकिटात दोन सिनेमे दाखवतात. त्यातला दुसरा कसा आहे, हे कुणी विचारत नाही. तासाभरात आटपला म्हणजे झालं.

नटांसाठी वणवण करू नका. सकाळी हॉलिवूडच्या गॉवर स्ट्रीटवर, सनसेट बुलेव्हार्डच्या कोपऱ्याला जा. टोपी, बूट, पट्टा, सगळं घरचंच घालून माणसं कामाची वाट बघत उभी असतात. कपडेपट तिथेच सुटला.

नायक मात्र आपटलेल्या सिनेमातलाच घ्या. जॉन वेन नावाचा एक उंचापुरा पोरगा आहे. 1930 साली फॉक्सनं त्याला घेऊन ‘द बिग ट्रेल’ काढला, तोही 70 मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर. ती दाखवायची सोय बहुतेक थिएटरांत नव्हतीच. सिनेमा पडला, पोरगा स्वस्त झाला. गाता येत नाही म्हणता? ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त त्याला बेलाशक ‘सिंगिंग सँडी’ करून टाका आणि गळा दुसऱ्याचा लावा. (प्लेबॅकवर पोसलेल्या आपण मराठी माणसांनी तरी यावर नाक मुरडू नये.)

पाठलाग नव्यानं चित्रित करणं ही श्रीमंती थेरं. वॉर्नरवाल्यांकडून शिका. केन मेनार्ड या काउबॉय नटाचे जुने मूकपट त्यांच्याकडे पडून होते. वेनला मेनार्डसारखे कपडे चढवले, खाली तसाच पांढरा घोडा दिला. लांबच्या शॉटमध्ये मेनार्ड दौडतो, जवळून बघावं तर वेन! असे सहा सिनेमे निघाले.

पार्श्वसंगीताचं नाव काढू नका, त्याला पैसे पडतात. टापा वाजतायत ना?

याकिमा कनट हा स्टंटवाला मिळाला तर सोडू नका. तो खलनायकाचा साथीदार होतो आणि नायकाच्या वेशात उड्याही मारतो, त्यामुळे कधीकधी त्याला स्वतःच्याच मागे घोडा पिटाळावा लागतो. मारामारीत पूर्वी लोक एकमेकांच्या खांद्यावर गुद्दे घालायचे आणि ते तसंच लुटुपुटूचं दिसायचं. कनट, वेन आणि दिग्दर्शक ब्रॅडबरी यांनी कॅमेरा एकाच्या पाठीमागे, तिरका लावला. मूठ तोंडासमोरून नुसती जाते, समोरच्यानं त्याच क्षणी मान झटकायची. कुणाला खरचटत नाही, आणि बघणारा मात्र कळवळतो. इतक्या स्वस्तात एवढं चांगलं काही निघालं, तर बोभाटा करू नका. पुढच्या वेळी लोक अपेक्षा ठेवतील.

घोडा पाडायचा असेल तर त्याच्या पुढच्या पायांना तार बांधा, दुसरं टोक जमिनीत पक्कं रोवा आणि त्याला भरधाव सोडा. तार संपते तिथे घोडा कोसळतो. तो तक्रार करणाऱ्यांतला नाही.

आता शेवटचं. हर्बर्ट येट्स यांनी कधी घोड्याला हात लावला की नाही, देव जाणे. त्यांची फिल्म धुण्याची लॅब होती. छोट्या कंपन्या त्यांच्याकडे उधारीवर प्रिंट काढत राहिल्या. त्या उधारीच्या जोरावर 1935 साली त्यांनी मोनोग्राम, मॅस्कॉट वगैरे कंपन्या एकत्र करून ‘रिपब्लिक’ ही सिनेकंपनी उभी केली, आणि वेनही त्यातच गेला. तेव्हा खिशात थोडे जास्त पैसे असतील, तर सिनेमाच्या फंदात पडूच नका. लॅब टाका, आणि उधारी सढळ हातानं द्या.