पगार गुरुजींचा, जबाबदारी कुणाकुणाची?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत असतो: 'झेडपीच्या मास्तरला लाखभर पगार, तरी पाचवीच्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. सरकारने सगळं दिलंय, दोष फक्त गुरुजींचा. प्रायव्हेटवाले दहा हजारांत छान शिकवतात.'

पगाराचं म्हणाल तर जुन्या शिक्षकांना तो चांगला आहे, खोटं कशाला बोला. पण नवा लागलेला आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकला त्याचं मानधन २०२३ पर्यंत महिना ६,००० होतं, मग १६,००० झालं.

'सगळं दिलंय' हे मात्र साफ खोटं. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. त्यातला एक बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा, म्हणून तहसीलला मीटिंगला गेला, की दुसरा चारही वर्ग एकाच खोलीत बसवतो, पहिलीला पाटीवर गिरवायला लावतो आणि पोषण आहाराचा आकडा भरायला रेंज शोधत पटांगणात फिरतो. कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणुकीच्या कामाला मुभा आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार! वर २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली आणि भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं २०१७ मध्ये. मधल्या काळातल्या रिकाम्या जागा काही गुरुजींनी ठेवल्या नव्हत्या.

प्रायव्हेटला बहुधा वर्गागणिक एक बाई असते, शिवाय संध्याकाळची ट्यूशन पालकांच्या खिशातून. तुलना करायची तर हेही धरा.

शाळा सोडून प्लॉटिंगचे धंदे करणारे गुरुजी आहेत, त्यांना अजिबात पाठीशी घालू नये. पण त्यांना पकडायचं कुणी? आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाचं पद रिकामं असलं की एखाद्या शिक्षकालाच प्रभारी करतात. मग त्याचाही वर्ग वाऱ्यावर.

पालकांनी लक्ष घालावं म्हणतात. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, पण कितीतरी ठिकाणी ठरावावर सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. अधिकार तरी किती? २०२४ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत सरकारने गणवेशखरेदी समितीकडून काढून घेतली. कपडे उशिरा आले, काहींना आखूड, काहींना ढगळ. वर्ष संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला. त्या मापाचा जाब कुणी गुरुजींना विचारला नाही, हे नशीब.

आणि जिल्हा परिषद? मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक ठिकाणी तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. त्या सगळ्या काळात शिक्षण समितीला निवडून आलेला सभापतीच नव्हता.