डाळीचं पाणी म्हणजे पाणीच: त्या ‘आजीच्या तक्त्या’ला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपवर आला, माहेरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्या. वर ठळक अक्षरात ‘आजीचा तक्ता, डॉक्टर हे सांगणार नाहीत’, खाली हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: चौथ्या महिन्यापासून मधातली गुटी आणि डाळीचं पाणी सुरू करा, मुलीचं उष्टावण पाचव्यात नि मुलाचं सहाव्यात करा, सहाव्या महिन्यात बाळ बसलंच पाहिजे आणि सातव्यात रांगलंच पाहिजे, नाहीतर वॉकर आणा, दात येईपर्यंत घट्ट काही देऊ नका, अंडं-शेंगदाणा वर्षभर लांब ठेवा, चवीला मीठ-साखर घाला. माझी लेक साडेसात महिन्यांची आहे. मी डॉक्टर नाही, पण यातल्या एक-दोन गोष्टी आम्ही स्वतः करून बसलो होतो, म्हणून लिहायला घेतलं.

आधी मध, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येईलच असं नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते वाढू शकत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात, मग बद्धकोष्ठ, रडणं क्षीण, दूध ओढता येत नाही, मान-अंग ढिलं पडतं. घरी मध उकळून ते मरत नाहीत आणि शुद्ध, जंगली, गावाकडचा असल्यानेही फरक पडत नाही. ‘आम्ही सगळ्यांना चाटवला, काही झालं नाही’ हे खरंच आहे, आजार दुर्मिळ आहे, बहुतेक जण सुटतात. पण वर्षभर मध नाही दिला तर बाळाचं काय बिघडतं? काहीच नाही. आणि गुटीचं म्हणाल तर सहाणेवर जायफळाचा एक वेढा म्हणजे किती हे उगाळणाऱ्या हातावर असतं, आमच्याकडे मावशीचा एक वेढा आणि आईंचा (माझ्या सासूबाईंचा) एक वेढा यात दुपटीचा फरक होता.

चौथा महिना. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने, म्हणजे 180 दिवस, फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. चौथ्या महिन्यात बऱ्याच बाळांची मान पुरती धरलेली नसते आणि तोंडात काही घातलं की जीभ ते बाहेर ढकलते. त्याला आपण ‘आवडलं नाही वाटतं’ म्हणतो, ते आवडनिवड नसते, गिळायची तयारीच झालेली नसते.

उष्टावणाचं मात्र मला रीत मोडावी लागली नाही. मुलीचं विषम महिन्यात करतात ना, मग सात पण विषमच आहे की! आणि आपल्याकडे ‘सातवा लागला’ म्हणजे सहा पूर्ण झाले, मोजून बघा, ते 180 दिवस तिथेच भरतात. मामाने चांदीच्या वाटीतून अंगठीने खीर चाटवली, मध नव्हता, फोटो झाले, सगळे खूश. आईंना पाचव्यात करायचं होतं, दोन दिवस थोडं गार गार होतं घरात, मग पंचांग बघून त्यांनीच सातव्यातला दिवस काढला.

आता डाळीचं पाणी. इथे आम्ही चुकलो. पहिले बारा-पंधरा दिवस रोज कुकर उघडायचा, तुरीच्या डाळीवरचं पिवळं पाणी वाटीत निथळायचं, चिमूट हिंग, की झालं बाळाचं जेवण. आणि खाली बसलेली डाळ? ती आम्ही खायचो, फोडणी घालून. म्हणजे सात किलोच्या जिवाला पाणी आणि घरातल्या मोठ्यांना प्रथिनं! सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. पोट एवढंसं, ते पाण्याने भरलं की दूधही कमी जातं आणि पोषणही नाही. म्हणून कसोटी साधी आहे, चमचा तिरका केला तर घास चमच्यावर थांबला पाहिजे, ओघळायला नको. मऊ वरणभात हाताने कुस्करा, मिक्सरमधून पेस्ट काढायची गरज नाही, वर साजूक तूप घाला, एका छोट्या चमच्यात 45 च्या आसपास कॅलरी असतात. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू 250 मिलीची वाटी अर्धी होईपर्यंत वाढवत न्यायचं. आणि दूध चालूच, दोन वर्षं नि पुढेही.

लोहाचा मुद्दा तर तक्त्यात नाहीच. जन्मताना आईकडून आलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. नाचणी सत्त्व चांगलं आहे, कॅल्शियम आहे, पण लोहासाठी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका. खाणाऱ्यांनी अंडं, मासे, चिकन बारीक करून द्यावं, न खाणाऱ्यांनी डाळी-उसळी-पालेभाजी आणि वर लिंबाचे दोन थेंब, त्याने लोह नीट शोषलं जातं. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी योजनेत 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप आहे, आठवड्यातून दोनदा 1 मिली, अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा.

अंडं-शेंगदाणा. इथे तक्ता बरोबर उलटा आहे, मधाची घाई नि दाण्याला बंदी! वर्षभर थांबा असं पूर्वी डॉक्टरही सांगायचे, हे मान्य. पण 2015 मध्ये लंडनच्या ‘लीप’ अभ्यासाचे निकाल आले. 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं, सगळी अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली, काहींना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले आणि बाकीच्यांना पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. खाणाऱ्या गटात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी 81 टक्क्यांनी कमी निघाली. शंका आली होती ती इस्रायलमुळे, तिथली बाळं लहानपणापासून दाण्याचे कुरकुरे खातात आणि तिथे ही अ‍ॅलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांपेक्षा खूपच कमी होती. आपल्याकडे तर दाण्याचं कूट डब्यात तयारच असतं! अगदी बारीक करून खिमटात कालवायचं, पहिल्यांदा चिमूटभर, सकाळच्या वेळी म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अख्खा किंवा अर्धा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. बाळाला जोरदार एक्झिमा (कोरडी, खाजरी, लाल कातडी) असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. अंडं पूर्ण शिजलेलं.

बसणं-रांगणं. माझ्या नणंदेचा मुलगा पाचव्यात बसला, आमची साडेसातव्यातही एका हाताचा टेकू लावून बसते आणि जोरात हसली की कलंडते. रोज कुणीतरी ‘अजून नाही?’ विचारतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली, त्यात भारतातलीही, निरोगी बाळं बघून जो पल्ला काढलाय तो ऐका: आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5, एकट्याने चालणं 8.2 ते 17.6. आणि त्यातली चार टक्क्यांहून थोडी जास्त बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, कुणी पोटावर सरपटतं, कुणी ढुंगण घासत सगळं घर फिरतं आणि सरळ उभं राहतं. लवकर जन्मलेल्या बाळाचे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. बाकी सहा महिन्यांत मान धरत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, वस्तूला हात घालत नसेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं असेल, किंवा येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं असेल, तर तक्ते वाचत बसू नका, दाखवून या. वॉकरने चालणं लवकर येत नाही, पडझड मात्र होते, कॅनडाने तर 2004 पासून त्यावर बंदीच घातलीय.

दातांचं म्हणाल तर हिरड्या पुरतात, बोट तोंडात घालून बघा. मीठ वर्षभर नको, साखर दोन वर्षं नको, गूळ पण साखरच.

‘डॉक्टर पावडरवाल्यांना विकलेत’ ही त्या मेसेजची शेवटची ओळ. 1992 च्या कायद्याने आपल्याकडे बाळाची दूध पावडर, बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायलाच बंदी आहे. आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी काय विकलं? वरणभात.

तो मेसेज टाकणाऱ्या काकूंना मी हे सगळं वेगळं पाठवलं, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. आईंनी मात्र वाचून विचारलं, मग त्या वरच्या पाण्याचं काय करायचं, टाकायचं का? आता त्याचं मिरी-जिऱ्याचं सार होतं. पाणी आम्ही पितो, डाळ ती खाते.