कोच हवीच, पण पाण्यात सोबतीणही लागते

ट्रायथलॉनवरच्या (म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ) लेखात तयारीचं सगळं श्रेय कोचच्या प्लॅनला दिलंय, ते अर्धंच पटलं. आमच्या बायकांच्या टीमची कोच चांगलीच आहे, पण पूलमधे मस्त पोहणारी बाई उघड्या पाण्यात उतरली की तळ दिसत नाही, धरायला भिंत नाही, श्वास वर चढतो, तेव्हा काठावरची शिट्टी काय कामाची, शेजारी "उताणी हो, श्वास सोड, मग बघू" म्हणणारी कोणीतरी लागते. स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराच्या ट्रायथलॉनमधलं 750 मीटर पोहणं बऱ्याच जणींना पुढच्या 20 किमी सायकल आणि 5 किमी पळण्यापेक्षा जास्त घाबरवतं. आणि ते ब्रिक सेशन! सायकलवरून उतरून लगेच पळायचं म्हणजे पाय नुसते लाकडाचे होतात, तिथे एकमेकींना शिव्या घालत पळायची मजा कुठल्या ॲपमधे नाही बरं का. फक्त हौशी गटात बहुतेक रेसना मैत्रिणीच्या सायकलमागे चिकटून चालवलं तर पेनल्टी बसते, पोहताना मात्र तिच्या पायामागे राहिलेलं चालतं, म्हणून तीच प्रॅक्टिस जास्त करा. हो, आणि पाळीच्या दिवसांत प्लॅन बदलून मागायला लाजू नका, आमची कोच तर स्वतःच विचारते.