श्रावण पाळता येतो, म्हणून दारू सुटते असं नाही

गटारी झाली की दरवर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर आला आणि ज्यांच्या घरात दारूपायी रोज रडारड आहे अशा दोघीजणींनी "ताई, हे खरं का?" असं विचारत मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: जो महिनाभर श्रावण पाळतो, तो मनावर घेतलं तर कायमची सोडू शकतो. तलफ आली की विचार झटकून टाकायचा. 'तलफ स्वीकारा, तिच्याकडे बघा' म्हणणारे समुपदेशक पिणाऱ्याला मोकळं रान देतात. हे सगळं परदेशी फॅड आहे. करायचंच तर दहा दिवस विपश्यनेला पाठवा, औषधंही सुटतील. आणि सोडून परत प्यायला तो संपला, त्याच्यावर आणखी पैसा घालवू नका.

मी पुण्यात व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या गटात काम करते. असल्या सल्ल्यांमुळे चालू उपचार थांबलेले मी पाहिले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

श्रावण पाळणारे खोटं वागत नाहीत. पण श्रावण कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आपल्याकडे तर गणपती उठेपर्यंत थांबणारेही पुष्कळ. तेवढा काळ माणूस दिवस मोजून काढतो. सातच्या सुमाराला अंग मागायला लागतं तेव्हा काय करायचं, हे तो त्यात शिकत नाही. शिवाय सगळ्यांनाच असं झटक्यात थांबणं झेपत नाही. सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला उठल्याउठल्या घोट लागतो, त्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भास, ताप, बरळणं सुरू होऊ शकतं आणि त्यात जीवही जातो. अशा माणसाला आधी डॉक्टर लागतो. मनोनिग्रहाच्या गप्पा त्याला मारून टाकू शकतात, हे मी अतिशय गांभीर्याने लिहिते आहे.

'विचार झटकून टाका' हा सल्ला सगळ्यांत जास्त दिला जातो, आणि सगळ्यांत जास्त फसतोही तोच. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 साली लोकांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मुभा दिल्यावर, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. 2010 साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक अभ्यास तर थेट सिगारेट ओढणाऱ्यांवर आहे. काहींना आठवडाभर सिगारेटचा विचार दाबायला सांगितलं. त्या आठवड्यात त्यांनी कमी ओढल्या. पुढच्या आठवड्यात मात्र इतरांपेक्षा जास्त ओढल्या. श्रावण संपल्यावर काही घरांत काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

मग तलफेकडे 'बघायचं' म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या ओळखीचे एक रिक्षावाले काका आहेत. हडपसरला त्यांच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर देशीचं दुकान. समुपदेशक त्यांना विचारायच्या, "आत्ता तलफ अंगात कुठे आहे?" पहिल्यांदा काका चिडले. मग म्हणाले, जबड्यात. लाळ सुटते, पोटात कालवतं, तळहात गरम होतात. "वाढतेय की तेवढीच आहे?" वाढतेय. "श्वास कुठपर्यंत जातोय?" असं करत ते रिक्षात बसून राहिले. मीटर बंद, चावी खिशात. तलफ चढली, शिगेला गेली आणि ओसरली. ॲलन मार्लट या सिॲटलच्या मानसशास्त्रज्ञाने हेच तंत्र लाटेवर स्वार होण्यासारखं म्हणून मांडलं: लाट अडवायची नाही, तिच्यात बुडायचंही नाही, ती फुटेपर्यंत तिच्यावर राहायचं. सहसा अर्ध्या तासाच्या आत जोर कमी होतो. ज्याने आजवर प्रत्येक तलफ पिऊनच संपवली, त्याला ती न पिताही संपते हे ठाऊकच नसतं.

काकांनी मान्य केली ती तलफ, क्वार्टर नव्हे. यात मोकळं रान कुठे आलं? उलट अंगात आग पेटलेली असताना ती न विझवता बसून राहणं फार कष्टाचं काम आहे. आणि काम तिथे थांबत नाही. स्टीव्हन हेज यांनी 1980च्या दशकात मांडायला घेतलेल्या स्वीकार आणि बांधिलकीच्या उपचारपद्धतीत पुढचा प्रश्न असतो: हा अर्धा तास तुम्हाला कशासाठी हवा आहे? काकांचं उत्तर होतं, पोरीला क्लासवरून आणायचंय. तलफ अंगात असतानाच त्यांनी रिक्षा चालू केली.

परदेशी फॅडच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मार्लट यांच्या गटाने सिॲटलच्या तुरुंगात विपश्यनेचं शिबिर केलेल्या कैद्यांचा अभ्यास केला होता. सुटकेनंतर तीन महिन्यांनी त्यांचं पिणं आणि ड्रग्ज इतर कैद्यांपेक्षा कमी आढळली. इगतपुरीत शिकवतात तेच हे मूळ. पण त्यांनी पुढे व्यसनींसाठी आठ आठवड्यांचा वेगळा कार्यक्रम आखला, त्यात तलफ आणि घसरण्याचे प्रसंग यांवरच भर होता. 2014 साली 286 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे सुरुवातीचे उपचार पूर्ण केलेले लोक होते. वर्षभरानंतर या कार्यक्रमातल्यांचे नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी होते. सहा महिन्यांपर्यंत मात्र रिलॅप्स, म्हणजे परत व्यसनाकडे वळणं, टाळण्याचं नेहमीचं प्रशिक्षण घेतलेला गटही चांगला टिकून होता. म्हणजे ही जादू नाही आणि एकमेव वाटही नाही.

म्हणूनच 'थेट विपश्यनेला पाठवा' हे मला धोक्याचं वाटतं. दहा दिवस मौन आणि रोज दहा तासांच्या आसपास बसणं, तेही अंगातून दारू उतरत असताना? शिबिराच्या अर्जात व्यसन आणि औषधांबद्दल विचारतात ते उगीच नाही. तिथे खरं लिहा. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांना न विचारता बंद करू नका.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत क्रूर आहे. परत प्यायला म्हणजे संपला. मार्लट यांनी नेमकं हेच दाखवून दिलं की एका पेल्यापेक्षा त्यानंतरचं 'आता सगळं गेलंच' हे वाटणं जास्त घात करतं. एक पेग पोटात गेलेला असतो, आणि लाजेपोटी माणूस खंबा संपवतो. मेसेज त्याच लाजेत तेल ओततो. घसरलेल्या माणसाला त्या दिवशी विचारायचं ते एवढंच: काल किती वाजता सुरू झालं, त्याआधी काय झालं होतं, बरोबर कोण होतं? उत्तर भांडण असेल, पगाराचा दिवस असेल, जुन्या मित्राचं "बसायचं का?" असेल. ते घेऊन समुपदेशकाकडे परत जायचं.

एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात. पुण्याला 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, ठिकठिकाणी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, सभा भरतात. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416. हात थरथरत असतील, फिट आली असेल किंवा माणूस बरळत असेल तर फोनची वाटही बघू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या. तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल, तर त्याच्याखाली हे नंबर टाका.