'खरा जाणकार' यांस: नंबर न जुळणाऱ्या कोल्टबद्दल

रिव्हॉल्व्हरच्या उत्पादनातले बारीक बदल आणि संग्राहक मोजतात ती किंमत, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'दलालांची पोपटपंची' म्हणालात. स्वतःचं नाव मात्र लिहिलं नाहीत. ते असो. मतभेदाला माझी ना नाही, पण 'साहेबांना आकडे तरी वाचता येतात का?' ही कुठली भाषा? इथे वाचक मला खुशाल खोडून काढतात, फक्त आधी लेख वाचतात.

एक मान्य: सिलिंडरचा फोटो धूसर आलाय. बदलतो.

आता तुमचं मुख्य वाक्य. 'भागांवरचे नंबर जुळत नसतील तर ते रिव्हॉल्व्हर भंगार, हे शेंबड्या पोरालाही कळतं.' शेंबड्या पोराला जेवढं कळतं तेवढ्यावरच थांबलं की असं होतं.

अमेरिकन लष्कराने 1873 मध्ये कोल्ट कंपनीचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे रिव्हॉल्व्हर घेतलं, .45 कॅलिबरचं, साडेसात इंच नळीचं. 1892 मध्ये .38 चं डबल ॲक्शन (घोडा हाताने न ओढता नुसता चाप दाबला तरी चालणारं) आलं आणि ही जुनी रिव्हॉल्व्हरं मागे पडली. पण 1890 च्या दशकाच्या मध्यापासून त्यातली हजारो परत बाहेर काढली, नळ्या कापून साडेपाच इंच केल्या आणि डागडुजी करून पुन्हा वाटली. संग्राहक त्यांना 'आर्टिलरी' म्हणतात. अगदी सुरुवातीची खेप सोडली, तर या कामात नंबरांची फिकीर कुणी केली नाही. रिव्हॉल्व्हरं एकदम खोलायची, भाग साफ करायचे, हाताला येईल तो सिलिंडर हाताला येईल त्या फ्रेमला बसवायचा. म्हणून फ्रेमवर एक, सिलिंडरवर दुसरा आणि नळीवर तिसराच नंबर, हेच त्या रिव्हॉल्व्हरचं मूळ रूप. सगळे नंबर जुळणारं आर्टिलरी समोर आलं तर ते त्या पहिल्या खेपेतलं आहे का, हे मी आधी तपासतो. नसेल तर कुणीतरी जुळणारे नंबर मागाहून ठोकायला ठोकणी घेऊन बसलं होतं, एवढं नक्की.

हे मी काल इंटरनेटवर वाचून लिहीत नाहीये. वडिलांची उभी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, शिक्का आणि नंबर म्हणजे काय हे मी घरात ऐकत वाढलो. पुढे ओहायोत आलो आणि गन शोच्या टेबलांवर वाकून वाकून पाठ धरली. एकदा अशाच एका टेबलावर 'ऑल मॅचिंग' (सगळे नंबर जुळणारं) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आर्टिलरी होतं. विक्रेत्याच्या परवानगीने इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) नळकांड्याचा स्क्रू काढला, खालचा नळीवरचा नंबर पाहिला, मग भिंग सिलिंडरवर नेलं. सिलिंडरच्या कडा घासून गुळगुळीत, खाचांची धार गेलेली. आणि नंबर मात्र करकरीत, आकड्याच्या काठाला उसवलेलं धातूचं बारीक कुसळ, म्हणजे नंबर मागाहून ठोकलेला. मी भिंग खिशात ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. तुमच्या शेंबड्या पोराने पाकीट काढलं असतं.

आणि हो, न कापलेलं, नंबर जुळणारं साडेसात इंची 'कॅव्हलरी' आर्टिलरीपेक्षा कितीतरी महाग जातं, हेही लेखात लिहिलंय. हजारोंच्या नळ्या कापल्या गेल्या, म्हणून तर न कापलेली दुर्मीळ झाली. त्यात लष्कराचा निरीक्षक ऑरव्हिल एन्सवर्थचा शिक्का असेल तर विचारूच नका, कारण 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या प्रसिद्ध लढाईत कस्टरच्या 7 व्या घोडदळाकडे त्याने पास केलेली रिव्हॉल्व्हरं होती. साहजिकच सगळ्यात जास्त बनावटही तिथेच.

'एका स्क्रूने काय फरक पडतो, गोळी तशीच सुटते.' सुटते की! गोळी सोडायची असेल तर दुकानातून नवं घ्या. स्मिथ अँड वेसन कंपनीचं .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर 1956 मध्ये बाजारात आलं तेव्हा पाच स्क्रूंचं होतं, आणि साधारण वर्षभरातच बाजूच्या पत्र्यावरचा वरचा स्क्रू गेला. पाच स्क्रूवाली थोडी, मागणारे पुष्कळ. यात दलालाने काय केलं?

'भारतात याचा काय उपयोग?' शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, मला ठाऊक आहे. लेख खरेदीचा सल्ला नव्हता. बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवत नाही.

एवढं सुनावून झाल्यावर शेवटी काकांकडच्या परवान्यावरच्या एनफिल्ड नंबर 2 या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची किंमत मलाच विचारलीत, हे मात्र आवडलं. हॅमरला (घोड्याला) मागे अंगठ्याने ओढायचा खुंट नसेल तर ते 1938 नंतरचं 'मार्क 1' एक तारा, किंवा जुन्याचं तसं बदलून घेतलेलं. त्यात नवल काही नाही. दोन तारे असतील तर 1942 चा नमुना: घाईत हॅमरचा सुरक्षा अडथळाच वगळला होता, त्यामुळे खाली पडलं तर गोळी सुटायची भीती. पुढे बहुतेकांना तो परत बसवला, म्हणून न बसवलेलं क्वचित दिसतं. परवानाधारकाकडूनच, रिकामं करून, फ्रेमवरचे तारे मोजून घ्या आणि मग लिहा. नावासकट.